आवडीचा कडा

खुटाळगडाचा मोठा दरवाजा सताड उघडा आहे. त्याला आता फळ्याच उरलेल्या नाहीत. डांबरी सडक थेट उंबऱ्याशी जाते. तरी आलेल्या पाहुण्यांना पहिली खटकते ती गोष्ट ही, की त्या उंबऱ्यावर गवत वाढलंय आणि ते कुणाच्या पायाखाली मोडलेलं नाही. पायथ्याच्या मेटवाडीची माणसं गडावरच्या देवीला जातात ती बाजूच्या काटेरी घळीने चढून, पडक्या तटातून. नवरानवरीसुद्धा. एकदा वरातीतला ढोलवाला कुरकुरला, "अहो, समोर राजरस्ता असताना मला घळीत कुठं घालता?" तेव्हा सोनूतात्या गुरव म्हणाले, "बाबा रे, ज्या दारानं हाकेला ओ दिली नाही, त्या दारानं आम्ही जात नाही."

मग पाहुण्यांना घळीच्या तोंडाशी बसवून तात्या वरच्या कड्याकडे बोट दाखवतात.

असे सांगतात की फार पूर्वी दोन दरबारांची लढाई जुंपली आणि मेटवाडी कात्रीत सापडली. गडावर आपल्या दरबाराची शिबंदी, खाली वैऱ्याचा वेढा. उभी पिकं जळाली, विहिरी नासल्या. माणसं आधी बियाणं खाऊन बसली, मग झाडपाला. गावाने दरबाराकडे माणूस धाडला : आम्ही तुमचीच रयत, आम्हाला वाचवा.

त्या गावात आवडी नावाची पोर होती. पान पडलं तरी दचकायची. लोक हसायचे. टेहळणीला कुणाला बसवायचं हा प्रश्न आला तेव्हा पाटील म्हणाले, "आवडीला बसवा. हिला झोप तर लागणार नाही!" तिची माय ठकू हीसुद्धा सगळ्यांबरोबर हसली. तेव्हापासून आवडी कड्यावर बसू लागली.

अखेर दरबाराची दवंडी आली. रयतेचे हाल सरकारला बघवत नाहीत. वैऱ्याशी बोलणं झालं आहे, एक दिवस तोफा बंद राहतील, धान्याच्या गाड्या येतील. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळ्यांनी खाली माळावर जमावं.

गाड्या आल्या. पांढरी निशाणं, पुढे नगारा, गाडीवर चढत्या थप्पीने पोती. गाव रडायलाच लागलं. आवडी मात्र कड्यावरून बघत राहिली. गाड्यांमागे एकही चिमणी नव्हती.

चिमण्या भुर्रकन उडाल्या की तिचा जीव दचकायचा, म्हणून तिची नजर आधी चिमण्यांवरच जायची. धान्याची गाडी म्हटली की दाणा सांडतो आणि मागे पाखरांचा थवा असतो. इथे एवढ्या दुष्काळात पाखरं झाडावर बसून नुसती बघत होती.

ती धावत माळावर उतरली. "माय, जाऊ नको. गाडीमागं पाखरू नाही."

"तुझं आपलं काहीतरीच," ठकू म्हणाली. "सरकारची मोहर आहे त्यावर."

पाटील चिडले. "पोरी, तुझ्या भीतीची भाकर होते का? मग गप बस."

गाड्यांबरोबर आलेल्या दरबारच्या हवालदाराने पोती सोडली नाहीत. तो गोड बोलला, "वाटप गडाच्या दारात. बायाबापड्यांनी गाडीला हात लावून संगती चलावं." भुकेली माणसं चालू लागली. आवडीचा पाय काही उचलेना. ती उलटी कड्यावर पळाली. आपण भ्यालो, मायला सोडून आलो, हेच तिच्या मनात.

वैऱ्याच्या गोलंदाजांनी गाड्यांभोवती लेकुरवाळ्या पाहिल्या आणि बत्ती खाली ठेवली म्हणे. गाड्या सुखरूप दारात पोचल्या. दार उघडलं, गाड्या आत गेल्या, दार लागलं. रयत बाहेर.

माणसांनी दार बडवलं. "अहो, आम्ही आहोत!" आत माणसांचे आवाज ऐकू येत होते. कुणी ओ दिली नाही. पोत्यांत दारू होती, तोफेची. आणि पहिला बार उडाला तो गडावरून, आपल्याच माणसांच्या डोक्यांवरून. मग वैऱ्याने उत्तर दिलं.

दरबारात त्या हवालदाराला सोन्याचं कडं मिळालं, आणि रयतेने स्वखुशीने साथ दिली असं जाहीर झालं, असं सांगतात.

दारापुढे धूर इतका की हाताला हात दिसेना. सुटायला एकच वाट होती, कड्याखालची ही घळ, आणि ती कुणाला सापडत नव्हती. आवडी कड्याच्या टोकाशी गेली. प्रत्येक बाराला ती दचके, खाली बसे, पुन्हा उठे, आणि ओरडे, "मायऽ, इकडंऽ! माझ्या आवाजावर याऽ!" उत्तर नाही. फसलेल्या माणसांचा आता कुठल्याच हाकेवर विश्वास उरला नव्हता. तिचा घसा फाटला, तरी ती हाक मारत राहिली.

तात्या इथे थांबतात. पुढचं सांगायचं नसतं, ऐकायचं असतं.

आजही मेटवाडीत सरकारी धान्याचा ट्रक आला की पहिली मूठ अंगणात उधळतात. "साहेब, जरा दम धरा," म्हणतात, "अजून चिमणी यायचीय." साहेब हसतात. गाव हसत नाही.

आणि आजही त्या तिथीला, दिवेलागणीला, गावातली एखादी पोर, शक्यतो भित्री, कड्यावर चढते. चुली थंड असतात. सगळा गाव खाली घळीत उभा असतो. पोर हाक मारते, "मायऽ, इकडंऽ!" कुणी बोलत नाही. ती पुन्हा हाक मारते. तरी नाही, तेव्हाही कुणी बोललं नव्हतं. वर पोरीचा आवाज खरोखरच कापायला लागतो. पाहुणे कासावीस होतात, एखादा तोंड उघडतो, तात्या त्याचा हात दाबतात.

मग घळीच्या तळातून, गावातली सगळ्यांत थकलेली म्हातारी, ठकूने दिली होती तशी ओ देते :

"ओऽ गं माझे बाई! आवाज सोडू नको, आलेऽ!"