बोलता येईल एवढ्याच वेगानं

"पण वेग मोजायचाच नाही, तर तो वाढला हे कळणार कसं?"

मंदाकिनी भुयार यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं. जिल्हा न्यायालयात त्यांची वकिली होती. समोरच्याला निरुत्तर करायची सवय जिभेला लागून गेली होती.

गुल्हाने सर अंगणात बसून संत्रं सोलत होते. त्यांनी एक फोड पुढे केली.

"खाय."

"सर, मी काय विचारलं…"

"ऐकलं ना."

मंदाकिनीबाईंनी फोड खाल्ली. सरांनी दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

उभी हयात सरांनी मुलींच्या शाळेत कवायत शिकवली होती. शाळेमागे मोठं मैदान होतं. त्यावर चुन्याच्या रेघा असत, आणि सकाळच्या उन्हात वेण्या वर बांधलेल्या मुली अनवाणी धावत, कधी पार कालव्यापुढेही जात. मैदान आता राहिलं नव्हतं. तिथे संत्र्यांच्या पेट्यांची गोदामं उभी होती. सर मात्र अजून उजाडता सायकल काढत, गोदामांच्या भिंतीला एक वळसा घालत आणि घरी येत.

मंदाकिनीबाई पन्नाशीला आल्या होत्या. आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या. जानेवारीत गावात दहा किलोमीटरची शर्यत होती, तिच्यात त्यांनी नाव घातलं होतं. नवे बूट घेतले, मनगटावर घड्याळ बांधलं, आणि रोज थोड्याच अंतरावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहू लागल्या. म्हणून त्या सरांकडे आल्या होत्या.

"काहून धावायचं हाय?" सरांनी विचारलं.

"तब्येतीसाठी. डॉक्टरांनी सांगितलं."

सरांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बरं. उद्या उजाडता येजो. धावताना बोलत राहाचं. बोलनं तुटलं, की वेग कमी."

"बोलायचं? काय बोलायचं?"

"वकील मी हाय का तू?"

दुसऱ्या दिवशी सर सायकलवर आणि मंदाकिनीबाई शेजारी, असे दोघं बागांच्या रस्त्याला लागले. बाईंनी आपण जिंकलेला जमिनीचा एक मोठा खटला सांगायला घेतला. कालवा आला तरी गोष्टीतले विरुद्ध बाजूचे वकील उठून उभेसुद्धा राहिले नव्हते, तोच वाक्य मधेच तुटलं.

"मग? जजसाहेब काय म्हनाले?"

बाईंनी नुसता हात वर केला.

"कमी कर."

"याहून कमी… म्हणजे चालणंच झालं, सर."

"मग चाल. पण जजसाहेब काय म्हनाले ते सांग."

शाळेला निघालेल्या दोन मुली सायकलवरून पुढे गेल्या. वळून पाहून हसल्या. त्यांतल्या एकीचे वडील बाईंचे पक्षकार होते.

पुढचे दोन दिवस मंदाकिनीबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या. सर सायकलमध्ये हवा भरत होते. कुठे होतीस, असं त्यांनी विचारलं नाही.

"चल," एवढंच म्हणाले.

थंडी वाढत गेली. बागांवर धुकं उतरू लागलं. मंदाकिनीबाईंचे खटले संपले. मग नागपूरला शिकणाऱ्या मुलाची गोष्ट निघाली, सासूबाईंच्या हातच्या भरिताची निघाली, लग्नात हरवलेल्या पैंजणाची निघाली. वाक्यं लांबत गेली. कधी नव्हे ते कुणीतरी मधे न बोलता आपलं ऐकून घेतंय, हे बाईंना आवडू लागलं होतं.

कालव्याच्या पुढे रस्ता वळतो. एके काळी तिथे दुतर्फा चिंचा होत्या. रस्ता रुंद करताना त्या गेल्या, एकच उरली. त्या वळणावर मंदाकिनीबाई रोज गप्प होत. दम असे, पण शब्द नसत. वळण मागे पडलं की बोलणं पुन्हा सुरू होई.

एकदा त्यांनीच विचारलं, "इथे मी गप्प होते, तेव्हा तुम्ही टोकत का नाही, सर?"

सर समोर पाहत पायडल मारत राहिले…

शर्यतीच्या दिवशी वेशीपाशी बँड लागला होता. शर्यत तिथूनच सुटणार होती आणि तिथेच संपणार होती. कुणाचे सर, कुणाचे भाऊ, कुणाच्या आया रेषेपाशी जागा धरून उभ्या होत्या. मंदाकिनीबाईंचे यजमान फोन हातात घेऊन तयार होते. गुल्हाने सर काही दिसले नाहीत. येतील, असं बाईंना वाटलं.

शिट्टी झाली. शेजारून तरुण मुली सुसाट निघाल्या, आणि बाईंच्या आतल्या वकिलाला ते सहन झालं नाही. त्या त्यांच्यामागे सुटल्या. बोलायला सोबत कुणी नव्हतं, त्यामुळे बोलणं तुटल्याचंही कळलं नाही. कालवा ओलांडला आणि बरगडीखाली कळ आली. चिंचेच्या वळणावर त्या थांबल्या. गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या.

मागची माणसं एकेक करून पुढे गेली.

पुरे झालं, त्यांच्या मनात आलं. गुडघा दुखावला म्हणून सांगू. कोण तपासायला येणार आहे?

"बोल."

चिंचेखाली सायकल लावलेली होती. शेजारच्या मैलाच्या दगडावर गुल्हाने सर बसले होते.

"जमत नाही, सर."

"बोल."

"ताई इथंच थांबे."

कोर्टातली भाषा कुठेतरी गळून पडली होती. तोंडात लहानपणची बोली आली होती.

"माही कुमुदताई, सर. तुमच्याकडे होती धावायले."

सरांनी वर चिंचेकडे पाहिलं.

"ती पुढं धावे, अन् मी तिच्या चपला हातात घेऊन मांगं. मी लहान. मले पोचायले उशीर होये. ती मांगं पाहे, अन् इथं थांबे. बाकीच्या पोरी निंगून जात. तुम्ही तिले रागवत होते."

"रागवत होतो."

"तरी थांबे."

"हो. तरी थांबे."

संत्र्याच्या बागेतून पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. कुणीतरी एक धापा टाकत शेजारून गेला.

"गेल्या वर्षी गेली ताई. दवाखान्यात शेवटी शेवटी मले म्हने, मंदे, गुल्हाने सर असतील का वं अजून? मैदान हाय का?" मंदाकिनीबाईंचा आवाज खाली आला. "मले सांगता नाई आलं, सर. याच गावात राहून मले माहीतच नव्हतं."

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पहिल्याच दिवशी वळखलं मी तुले," ते म्हणाले. "चालताना डावा खांदा वर जाते तुहा. तिचाही जाये."

"मग बोलले काहून नाई?"

"तू बोलेपर्यंत मी कोन बोलनारा?"

मंदाकिनीबाईंनी पदर नसलेल्या खांद्याशी हात नेला, आणि मग बाहीनंच डोळे पुसले.

"दम आला का?"

"आला."

"निंग मग."

त्या निघाल्या. हळू निघाल्या. पहिल्यांदा ओठ नुसते हलले, मग आवाज फुटला. ताई, सर आहेत. केस पांढरे झालेत, पण पाठ तशीच ताठ आहे. मैदान नाही गं राहिलं, गोदामं झाली तिथे. चिंचाही गेल्या. आपली एक आहे. तुझ्या त्या निळ्या पट्ट्याच्या चपला, त्यांतली एक मी कालव्यात पाडली होती आणि तू आईला सांगितलंस की तुझ्याच हातून पडली…

पुढे चाललेल्या एका पोरानं कानातला इअरफोन काढून मागे पाहिलं. बाई आपल्याशीच बोलतात की काय, असं त्याला वाटलं. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. त्याला मागे टाकून त्या वेशीकडे वळल्या तरी संपलं नव्हतं.

रेषेपाशी बँडवाले ढोल गुंडाळत होते. तरी उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. यजमानांनी फोटो काढले, कोर्टातल्या दोघी-तिघींनी मिठ्या मारल्या. मंदाकिनीबाई सगळ्यांच्या खांद्यांवरून गर्दीत शोधत राहिल्या.

सर नव्हते.

संध्याकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. सर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. बाई पाया पडल्या, आणि मग त्यांच्यानं राहवलं नाही.

"सगळ्यांचे सर वेशीपाशी उभे होते. तुम्हीच नव्हता."

सरांनी सदऱ्याची घडी घातली. खांद्यावर टाकली…

"तिथं थांबायले मानसं पुष्कळ असतात, पोरी."