उकिरड्यातला हंडा

हिवरगडच्या रणधवल राजाला कढत पाण्याने अंघोळ करायची भारी हौस. राजा कधी उठेल याचा नेम नाही, म्हणून न्हाणीघराची चूल रात्रंदिवस धडधडत असायची. त्या एका चुलीपायी गडाभोवतीचे डोंगर बोडके झाले, आणि पौषातल्या एका सकाळी कुऱ्हाडी थेट माळेवाडीच्या देवराईशी येऊन थांबल्या.

त्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा माळेवाडीचं कुणी घरी नेत नसे. तिथल्या गर्द सावलीत गावाचा एकुलता एक झरा होता. झाडं गेली की झरा आटणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण राजासमोर बोलणार कोण?

बोलली ती धुरपा. माळेवाडीची ही पोर राजवाड्याच्या गोठ्यात शेण काढायला जायची. त्या दिवशी राजा गाई बघायला आला, तशी हातातली पाटी खाली ठेवून ती म्हणाली, "महाराज, अंघोळ तुमची होते आणि घसे आमचे कोरडे पडणार. देवराई तेवढी सोडा."

न्हाणीघराचे कारभारी खंडेराव राजाच्या मागेच उभे होते. ते खेकसले, "मग महाराजांनी काय गार पाणी घ्यायचं का गं?"

"कढतच घ्यावं की. त्याला लाकूड कशाला हवं?"

धुरपा बोलून गेली आणि मग तिची तीच चपापली. आपण काय बोलून बसलो? पण शब्द तर तोंडातून निघाला होता, आणि राजाच्या भुवया वर चढल्या होत्या.

"लाकूड नको म्हणतेस? ठीक. उद्या पहाटे मला पाणी तापवून दे. लाकूड नाही, गोवरी नाही, तेल नाही. जाळ म्हणून दिसता कामा नये. उन्हात हंडे ठेवशील, तर ते रात्रीतून निवतात हे मलाही कळतं. पाणी इतकं कढत निघालं, की गार पाण्याचं विसण घालावं लागलं, तर देवराई तुमची. पाणी कोमट निघालं, तर तिथली पहिली कुऱ्हाड तू चालवायचीस."

राजा निघून गेला. खंडेराव जाताना तिला म्हणाले, "कुऱ्हाडीला धार लावून ठेवतो हं, पोरी."

धुरपाला काही सुचेना. पाटी उचलून ती वाड्यामागच्या उकिरड्याकडे गेली. पाटी रिकामी केली आणि थंडीत रोज करायची तशी गारठलेली बोटं उकिरड्यात खुपसली. गाईंचं शेण, घोड्यांची लीद आणि कुजका कडबा आत असा काही मुरला होता, की बोटांना चटकाच बसला. तिने हात झटकला. मग त्या हाताकडे बघितलं, आणि एकटीच खुदकन हसली.

तिने न्हाणीघरातून तांब्याचे दोन हंडे मागून घेतले. एक दगा देईल, तर दुसरा असावा. चिंच लावून ते घासले, पाणी भरलं, झाकणं कणकेने लिंपून पक्की केली. मग गोठ्यातल्या बायांना हाताशी धरून दोन्ही हंडे उकिरड्याच्या पोटात खोल पुरले.

पहाटे पुसून लख्ख केलेला एक हंडा न्हाणीघरात आला. खंडेरावांनी आधी कालपासून विझवून ठेवलेली चूल चाचपली. राख थंडगार. मग झाकण काढून त्यांनी हंड्यात बोट बुडवलं.

"आई गं!"

"विसण घालू का, कारभारी?" धुरपाने विचारलं.

राजाने मनसोक्त अंघोळ केली. पडद्याआडून त्याचं गाणंसुद्धा ऐकू आलं. धोतर नेसून तो बाहेर आला तो खुशीतच. "असं पाणी कधी मिळालं नव्हतं बघा. पाठ कशी मोकळी झाली!"

आपल्या वाट्याला कौतुक काही येईना, हे पाहून खंडेराव पुढे सरसावले. "हंडा माझ्याच न्हाणीघराचा, महाराज. आणि पाण्याला सुवास तरी काय! तीर्थच म्हणायचं." असं म्हणून त्यांनी हंड्याच्या तळातलं ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि घटाघटा पिऊन टाकलं.

धुरपाने पदर तोंडात कोंबला.

"जिंकलीस, पोरी," राजा म्हणाला. "आता सांग, पाणी तापवलंस कुठे?"

"न सांगितलेलं बरं, महाराज."

"सांग म्हणतो ना."

"वाड्यामागच्या उकिरड्यात."

खंडेराव तोंडावर हात दाबून बाहेर पळाले. राजा लालबुंद झाला. "मला उकिरड्यात घातलंस?"

"तुम्हाला नाही महाराज, हंड्याला. झाकण लिंपलेलं होतं. आत काही म्हणून गेलं नाही."

"तरी पण शेण आणि लीदच ना ती!"

"घोडे महाराजांचे, गाई महाराजांच्या. त्यांनी खाल्लं ते गवत महाराजांच्या कुरणातलं. मग शेवटी जे बाहेर पडलं, तेवढंच परकं कसं?"

राजाचे ओठ थरथरले. पण त्याने हसू दाबलं. "ते काही नाही. मला पुन्हा अंघोळ करायचीय. पाणी आणा."

"कुठलं आणू, महाराज?" धुरपाने अगदी अदबीने विचारलं. "चूल तर विझलेली आहे. विहिरीचं आणते, पण रात्री असलं हिव पडलंय, की रहाटाचा दोरसुद्धा हाताला चावतो. नाहीतर दुसरा हंडा आहे तयार. चांगला कढत."

"मग तोच आण ना. कुठे आहे तो?"

"उकिरड्यात, महाराज."

खिडकीतून वाऱ्याची एक झुळूक आली आणि राजाच्या ओल्या पाठीवर सर्रकन काटा उभा राहिला. त्याने विहिरीच्या दिशेने बघितलं. धुरपाकडे बघितलं. आणि मग तो पोट धरून असा हसला, की पागेतले घोडे खिंकाळू लागले.

"आण," हसता हसता तो कसाबसा म्हणाला, "दुसरा हंडा आण!"

त्याच सकाळी देवराईपाशी थांबलेल्या कुऱ्हाडी माघारी आल्या. धुरपाला राजाने सोन्याचं कडं आणि न्हाणीघराचा कारभार दिला. खंडेरावांनाही मोकळं सोडलं नाही, त्यांच्याकडे उकिरडा सोपवला.

आता धुरपा रोज हंड्यात बोट बुडवून बघते आणि मागच्या दारातून हाक मारते, "खंडेराव, लीद जरा सढळ हाताने घाला. कालचं तीर्थ कोमट होतं!"