नाकाने बंद केलेली शेगडी

यंत्रं माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. वैजयंताकाकूंच्या ओट्यावर बटणवाला जुना मिक्सर आणि टचवाली नवी शेगडी शेजारी राहायची.

एकदा काकू मोदकांची उकड मळत होत्या आणि शेगडीवर घरातलं सगळं दूध भराभर वर येत होतं. काकूंनी उकडीनं माखलेलं बोट शेगडीवर टेकवलं, दाबलं, आपटलं. शेगडीला ते बोट ओळखूच येईना.

"आम्ही कोपरानंसुद्धा बंद व्हायचो!" मिक्सर म्हणाला. "पण आजकालच्या पोरींना..."

"आजोबा, भाषण नंतर! दूध जातंय!" शेगडी किंचाळली. "काकू, कोरडं काहीही लावा!"

काकूंनी वाकून नाक टेकवलं. शेगडी बंद झाली, दूध काठावर थांबलं.

"मी हेच सुचवणार होतो," मिक्सर म्हणाला आणि त्यानं राहिलेलं भाषण पुढे सुरू केलं.