कोंडवेळची तांबडी-काळी पुळण

ओहोटी आहे तोवर या खडकांच्या कडेने सावकाश या. ही आमची कोंडवेळ. तिन्ही बाजूंना जांभ्याचा उभा कडा, चौथीला दर्या. कड्याखालची वाळू बघा, कुंकू सांडल्यासारखी तांबडी. पाण्यालगतचा पट्टा मात्र काळाकुळकुळीत. मूठभर उचलून पाहा, जड लागते. मागे कॉलेजची माणसं आली होती. ती म्हणाली, तांबडी वाळू कड्याच्या झिजेतून पडते. काळी म्हणजे लोखंडाचे जड कण, लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि ही मागे राहते. त्यांचं खरंच असणार. पण आम्ही मासे मारणारे गाबीत लोक जे सांगत आलो, तेही ऐका.

फार पूर्वी या किनाऱ्यावर लुटारूंची गलबतं फिरत. माणसं धरायची आणि दूर मुलखात नेऊन विकायची, हा त्यांचा धंदा. एका सकाळी ती आमच्या गावावर आली. लोक पोरंबाळं होड्यांत घालून दक्षिणेकडे निघाले, तर पुढूनही एक गलबत येताना दिसलं. तेव्हा गावचा म्होरक्या बायाजी तांडेल याने सगळ्या होड्या खडकांच्या फटीतून इथे आत आणल्या. सुटलो, असं वाटलं. मग लोकांनी वर पाहिलं. तिन्ही बाजूंना हा उभा कडा. आपलीच वल्ही मारत ते कोंडवाड्यात आले होते.

गलबतं तोंडाशी नांगर टाकून थांबली. ओहोटीत खडक उघडे पडलेले, आत यायची वाट त्यांना ठाऊक नव्हती. भरती चढली की गलबतं खडकांवरून सरळ आत येणार होती. त्यांना घाई नव्हती. त्यांनी म्हणे डेकावर चूल पेटवली, आणि त्या रांधण्याचा वास उपाशी पोरांपर्यंत येत होता. एक जवान गडी कड्यावर चढू लागला, तर गलबतावरून बंदूक वाजली आणि तो वाळूत येऊन पडला. त्यानंतर कुणी कड्याला हात लावला नाही. पाणी इंच इंच वर येत होतं, आणि सगळे नुसते त्याच्याकडे बघत होते.

बायाजीची विधवा सून रखमा मात्र कड्याशी गेली. कालवं काढायची कोयती तिच्या कमरेला होती. तिने ती जांभ्यावर मारून पाहिली. दगड आत ओला होता, खरवस कापावा तसा कापला जात होता. पायऱ्या होतील, पण गोळ्यांचं काय? तिने होड्यांकडे पाहिलं. माशाचं तेल पिऊन पिऊन त्यांची लाकडं काळी झाली होती. वारा दर्यावरून कड्याकडे वाहत होता.

ती सासऱ्याला म्हणाली, "मामांनू, होड्यांका आग लावूया. धुरात आमी कोणाक दिसूचव नाय."

बायाजीने आपल्या होडीवर हात ठेवला. ती त्याने आणि त्याच्या मुलाने मिळून बांधली होती. मुलगा आदल्या साली वादळात गेला. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं.

"माझ्या झिलाची होडी जाळूक सांगतंस?"

"होडी परत बांधूक येता," रखमा म्हणाली, "ही पोरां खंयसून आणतलास?"

असं सांगतात की पहिली चूड बायाजीनेच लावली, आणि ती आपल्याच होडीला.

तेलकट काळा धूर कड्याला भिडला. गोळ्या सुटत होत्या, पण आंधळ्या. रखमा आणि बाकीचे खोदत वर सरकले, तांबड्या मातीचे लोट खाली कोसळत राहिले. म्हातारी माणसं पाठीवर, पोरं पदराला बांधून गाव वर चढलं. खाली बायाजी एकटा एका होडीकडून दुसरीकडे धावत होता. आगीवर ओली जाळी टाकत होता, म्हणजे धूर दाटच राहील. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं होतं.

"मामांनू, चला!" रखमा वरून ओरडली.

"तू चढ गो! हय धूर धरूक कोण तरी व्हया!"

शेवटचं पोर वर पोचलं तेव्हा ती त्याला आणायला परत उतरू लागली. पण एवढ्या पायांनी झिजलेल्या पायऱ्या तिच्या डोळ्यांदेखत ढासळल्या. लोकांनी तिला दंड धरून वर ओढलं. धुरातून तिला सासरा दिसत नव्हता. फक्त त्याचा खोकला ऐकू येत होता. मग भरतीचा आवाज वाढला आणि खोकलाही ऐकू येईना.

लुटारू आत आले तेव्हा त्यांना जळकी लाकडं मिळाली, माणूस एकही नाही. दुसऱ्या ओहोटीला गावाने सगळी पुळण शोधली. बायाजी सापडला नाही. वर तांबडं, खाली काळं, अशी वाळू तेवढी होती.

रखमा पुढे पुष्कळ वर्षं जगली. मरेपर्यंत तिने एकच गोष्ट गावाकडून मागितली, आणि ती आम्ही पाळतो. आजही कोंडवेळेवरून शेवटचा माणूस एकटा निघत नाही. शेवटी दोघं राहतात, आणि एकमेकांचा हात धरून निघतात. पाणी वळलंय, भरती लागली, पाव्हणे. पुढच्यांना जाऊ द्या. तुम्ही माझ्यासोबत थांबा आणि हा हात धरा.