सायलेन्सरच्या पोटातली जाळी

यंत्रं एकमेकांशी भांडायची त्या काळातली गोष्ट. तुळशीराम गवळ्याच्या फटफटीचा सायलेन्सर आपल्या पोटातल्या जाळीवर भारी चिडायचा. "हिनं माझा आवाज दाबलाय. नाहीतर पंचक्रोशीत माझं नाव झालं असतं!"

"राहू दे रे तिला," इंजिन म्हणायचं. पण हा मुद्दाम खडखडत राहिला. शेवटी ही खडखड जाळीचीच असं समजून वैतागलेल्या तुळशीरामनं अंगणातच करवत घेतली आणि जाळी कापून फेकून दिली.

काय तो आवाज! कोंबड्या छपरावर चढल्या. सायलेन्सर अगदी फुशारून गेला. पण दुधाचे कॅन लादून फटफटी गावातल्या चढाला लागली आणि मध्येच बंद पडली.

"अरे, ओढ ना!" सायलेन्सर ओरडला.

"कशाच्या जोरावर ओढू?" इंजिन धापा टाकत म्हणालं. "धुराबरोबर माझ्या तोंडून निसटणारं न जळलेलं पेट्रोल तुझी जाळीच परत आत ढकलायची. आता सगळं वाऱ्यावर जातंय."

सायलेन्सरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कुणी आपल्याकडे बघू नये, एवढंच त्याला वाटत होतं. पण तुळशीराम किक मारत राहिला, आणि दर किकेला सायलेन्सर गावभर गर्जत राहिला. तो आवाज ऐकून घराघरातून माणसं बाहेर येऊन बघू लागली.