बरणीच्या बुडावरची खूण

"मग त्याला हाकलत का नाही तुम्ही?"

श्रीरंगचा आवाज इतका चढला की अंगणातल्या कोंबड्या बिचकल्या. दाजी ओसरीवर बसून राहिले.

दाजींपुढे चिनी मातीची एक जुनी बरणी उपडी घातली होती. कधीकाळी गलबतातून खाडीकाठी उतरलेली. अशा बरण्यांच्या बुडावर घडवणाऱ्याची खूण असते, आणि ती ओळखावी तर दाजींनीच, असं सगळी किनारपट्टी मानत असे. दाजींच्या मागे हा मान आपलाच, असं त्यांचा शिष्य श्रीरंग मानत असे.

या बरणीची खूण मात्र अर्धी गेली होती. बुडावर चढलेला चुन्याचा थर कोणीतरी घाईघाईने खरवडला होता, आणि थराबरोबर खूणही.

"भिवानेच केलं. मेला धसमुसळा! आणि वर तोंड शिवल्यासारखा उभा राहतो."

घरचा पोऱ्या भिवा दाराशी गाठोडं घेऊन उभा होता. ना आई, ना बाप. या घराबाहेर त्याला कोणी विचारणारं नव्हतं.

आता खरं सांगायचं, तर बरणी खरवडली होती श्रीरंगनेच. दाजींच्या आधी खूण ओळखून दाखवायची खुमखुमी, दुसरं काय! पण श्रीरंग असा काही संतापला होता की नुकसान त्याचंच झालंय असं वाटावं.

"दाजी, आज या घरात तो तरी राहील, नाहीतर मी!"

दाजींनी जमिनीवर हात आपटला.

"बस खाली!"

श्रीरंग बसला.

"वाच."

"काय वाचू?"

"बूड. माझे डोळे आता गेले. तुझे शाबूत आहेत ना?"

श्रीरंग फुशारला. शेवटी म्हाताऱ्याला आपलीच गरज लागली! त्याने बुडावरून बोट फिरवलं.

"ही रेघ ओल्या मातीत ओढलीय. झिलई आत उतरलीय बघा."

"ही?"

"तीही भट्टीच्या आधीची. हात सराईत आहे. एका दमात ओढलीय."

दाजींनी त्याचं बोट धरून खरवडलेल्या जागेवर नेलं.

"आणि ही?"

"ही भट्टीनंतरची. कडा टोचतायत."

"जुनी?"

"छे! परवाची. अजून मळसुद्धा धरला नाही."

"हत्यार?"

"पटाशी. तीही बोथट."

"हात?"

"डावा. चरे कसे कललेत ते बघा ना, उजव्या हाताने असे..."

श्रीरंगने बोट झटकन मागे घेतलं.

त्या घरात डावखुरा एकच होता.

...

त्याने डावा हात हळूच मांडीखाली सरकवला. कानशिलं तापली होती. राग उतरला नव्हता. तो आता कोणावर काढायचा, एवढंच कळत नव्हतं.

भिवाने मान खाली घातली. गाठोडं अजून त्याच्या हातातच होतं.

...

"थांबलास का?" दाजी कडाडले. "नाव वाच!"