शेंड्यावरच्या खारीचे पुडके

एका जंगलात एका उंबरावर बरीच बिऱ्हाडे राहत असत. बुंध्यापाशी ससा, मधल्या फांदीवर मैना, तिच्या शेजारी घुबड आणि पार शेंड्याला एक खार नि तिची दोन पिल्ले. नातेवाइकांनी पाठवलेली पुडकी घेऊन रोज सकाळी बगळा येई. पण मुलांनो, बगळ्याचे पाय जितके लांब, तितकाच धीर आखूड! सगळी पुडकी बुंध्यातल्या ढोलीत टाकून तो उडून जाई आणि तिथून ती गायब होत.

मग सभा भरली. सभा भरवायला उंबरकरांना फार आवडे, मात्र जो तो आपल्या बिऱ्हाडातूनच ओरडून मत देई. राखण घुबडाकडे द्यावी, असे ठरले. चोरी दिवसाढवळ्या होई आणि दिवसा घुबड घोरत असे, तरी ठराव एकमताने मंजूर झाला.

चोर होता कोल्हा. तो काही लपतछपत येत नसे, चांगला मान वर करून येई. कोणी भेटलेच तर म्हणे, "वरच्या बिऱ्हाडाचं आहे, पोचवतो म्हटलं." वर कोण राहते, हे खाली कोणालाच ठाऊक नव्हते. ससा तर म्हणे, "दादा, तुमच्यासारखे परोपकारी आता उरलेत कुठे!" आणि पुडके जड असले, तर एका बाजूने धरूही लागे.

इकडे खारीचे धाकटे पिल्लू खोकून खोकून बेजार झाले होते. आजीने डोंगरापलीकडून औषधाचा हिरडा पाठवला, तो पोचला नाही. दुसऱ्यांदा पाठवला, तोही गेला. तिसऱ्या खेपेला मात्र बगळा दिसताच खार धावत खाली आली. पाहते तो काय, पुडके कोल्ह्याच्या काखोटीला आणि ससा मदतीला!

"कोणाचं हो हे?" तिने विचारले.

"शेंड्यावरच्या खारीचं," कोल्हा हळहळत म्हणाला. "बिचारी म्हातारी, त्यात लंगडी. तिला कुठलं उतरवतंय? मीच नेऊन देतो."

खारीला संताप आला आणि हसूही आले. "फार उपकार होतील! मीही तिकडचीच. चला, वाट दाखवते," म्हणत ती सरसर वर गेली आणि ओरडली, "या ना दादा, पिल्लू खोकतंय!"

सगळी बिऱ्हाडे डोकावून पाहू लागली. आता माघार कशी घ्यावी? कोल्ह्याने झाडाला मिठी मारली, वीतभर चढला, हातभर घसरला आणि दाणकन आपटला.

"अगं बाई," मैना म्हणाली, "कोल्ह्याला झाडावर चढता येतं का?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. कोल्ह्याने मात्र उत्तर द्यायला न थांबता पुडके टाकून धूम ठोकली.

ससा ओशाळला. "आण, मी पोचवतो वर," असे म्हणत तो पुढे झाला. "तुम्ही राहू द्या, भाऊ," खार म्हणाली आणि हिरडा घेऊन पिल्लाकडे धावली.

त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांची बिऱ्हाडे पहिल्यांदा पाहिली. आता बगळा हाक मारतो आणि ज्याचे पुडके तोच येऊन नेतो. घुबड अजूनही राखणीवर आहे. ठराव रद्द करायला सभा भरवायची, तर ते जागे व्हायला हवे!

तात्पर्य : जिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथे चोराला लपावे लागत नाही.